पडद्याआडचा चेलो: ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनची तयारी

ऑर्केस्ट्रात चेलोची (गुडघ्यांमध्ये धरून गजाने, म्हणजे केस ताणलेल्या काठीने, वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची) एक जागा रिकामी झाली की तिच्यासाठी अर्जांचा ढीग पडतो. बोलावणं आलेल्यांना पहिल्या फेरीत मिळतात जेमतेम पाच ते दहा मिनिटं. एवढ्या वेळात निवड समिती तीनच गोष्टी ऐकते: लय पक्की आहे का, सूर खरा आहे का, आणि हा वादक उद्या शेजारच्या खुर्चीत आला तर त्याचा आवाज आपल्यात मिसळेल का. कल्पकता, भाव, स्वतःची अशी शैली यांचा विचार त्यानंतर होतो. शिकत असताना एकल वादनावर इतका भर असतो की हा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझ्या मते ऑडिशनच्या तयारीचं मर्म एवढंच, की वाजवणारा एकटा असला तरी त्याच्या कानात अख्खा ऑर्केस्ट्रा वाजत असला पाहिजे.

अर्जात विशेष काही नसतं. कुठे आणि कोणाकडे शिकलात, कोणत्या ऑर्केस्ट्रात किती काळ वाजवलं, हे एका पानात मावतं. अनेक ठिकाणी सोबत ध्वनिमुद्रण मागतात. प्रत्येक उतारा सलग वाजलेला हवा, मध्ये कापाकापी चालत नाही, ही अट जवळपास सगळीकडे असते. मायक्रोफोन चेलोपासून दोन ते तीन मीटरवर आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर ठेवला की लाकडाचा आवाज येतो आणि गजाची खरखर मागे राहते. अगदी जवळ ठेवला तर एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना होणारा खरखराट ठळकपणे मुद्रित होतो. फोनवर मुद्रण करत असाल तर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय आधी बंद करा. ती चालू राहिली तर हळुवार जागा आणि जोरकस जागा एकाच पातळीवर येतात आणि समितीला वाटतं की या वादकाला दोन्हीतला फरकच कळत नाही. घुमणारी खोलीही टाळावी. घुमण्यात लय विरघळते आणि दोष मात्र वादकाच्या माथी येतो.

बोलावण्याबरोबर यादी येते. तिच्यात एखादी कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) असते, कधी बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइटांपैकी (नृत्यरचनांच्या मालिकांपैकी) एखादा भाग आणि मग ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले उतारे. जर्मन भाषेच्या देशांत पहिल्या फेरीत हायडनची कॉन्चेर्टो जवळजवळ ठरलेली, डी मेजरमधली 1783 सालची किंवा सी मेजरमधली, आणि तीही बहुधा पियानोच्या साथीने. अमेरिकेत पहिल्याच फेरीपासून उताऱ्यांना जास्त वजन असतं आणि साथीला कोणी नसतं. उतारे कुठेही जा, फिरून फिरून तेच भेटतात: बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतला दुसरा भाग आणि तिसऱ्या भागातला ट्रिओ (मधला तुकडा), ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीतला संथ भाग, मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं स्केर्त्झो (चपळ, खेळकर तुकडा), देब्युसीचं ‘ला मेर’, रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन ह्वान’चं पहिलं पान, स्मेतानाच्या ‘बार्टर्ड ब्राइड’ची ओव्हर्चर (ऑपेराच्या सुरुवातीची वाद्यरचना). जागा पहिल्या चेलोची (चेलोंच्या प्रमुखाची) असेल तर एकल तुकडेही येतात. ब्राम्सच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोतला तिसरा भाग चेलोनेच उघडतो, आणि रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ओव्हर्चरच्या सुरुवातीला पाच एकल चेलो आहेत, त्यातली वरची ओळ मागतात.

यादी हातात आली की लगेच चेलो काढून बसण्याचा मोह होतो. त्याआधी दोन दिवस फक्त स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) वाचावा. प्रत्येक उताऱ्याखाली बाकीचे काय वाजवतायत हे चेलोच्या पार्टवर (फक्त चेलोची ओळ असलेल्या प्रतीवर) पेन्सिलने लिहून ठेवायचं: इथे डबल बेस पिझिकातो (गजाऐवजी बोटाने तार छेडून), इथे बासून (खर्जातली फुंकवाद्यं) उलट दिशेने चढतात, इथे व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठी वाद्यं) आपल्याच सुरात आहेत. मग तीन-चार वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकून प्रत्येक उताऱ्याची लय मेट्रोनोमवर मोजायची. एका वहीत दर उताऱ्यासाठी तीन आकडे असावेत: सरावाची संथ लय, ठरवलेली लय आणि त्याहून थोडी चढी लय. मंचावर हृदयाची धडधड वाढली की लय हमखास चढते, तेव्हा हा तिसरा आकडा उपयोगी पडतो. पार्ट ऑर्केस्ट्रा वापरतो त्याच आवृत्तीचा मिळवा, कारण गजाच्या खुणा आणि जोराच्या सूचना आवृत्तीगणिक बदलतात.

आता बेथोव्हेन. हा उतारा जवळजवळ प्रत्येक यादीत असतो, आणि कागदावर तो इतका साधा दिसतो की कमी सराव होतो तो याचाच. स्केल ए फ्लॅट मेजर, तीन-अष्टमांश ताल, आंदान्ते कोन मोतो (चालती, ओघवती गती), अष्टमांश नोटेला बेथोव्हेनने स्वतः दिलेली लय मिनिटाला 92. चेलो आणि व्हायोला एकसुरात धून वाजवतात, बेस खाली पिझिकातो देत असतात. ऑडिशनमध्ये तीन तुकडे मागतात: पहिल्या दहा बारांतली (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) मूळ धून, मग बार 49 पासूनचं पहिलं व्हेरिएशन (धुनेचं बदललेलं रूप), मग बार 98 पासूनचं दुसरं. धून टिंबाच्या लयीत आहे, पहिल्या व्हेरिएशनमध्ये बारात सहा सिक्स्टीन्थ (अष्टमांशाच्या निम्म्या नोटा) येतात आणि दुसऱ्यात बारा थर्टी-सेकंड (त्यांच्याही निम्म्या).

इथे पहिली फसगत होते ती लयीची. धून गाताना हात आपोआप संथ होतो, थर्टी-सेकंडला आला की पळतो, आणि तीन तुकडे तीन लयींत वाजतात. समितीत बसलेला कोणीही हे दुसऱ्या बारातच ओळखतो. उपाय उलटा आहे: लय ठरवायची ती दुसऱ्या व्हेरिएशनवरून. तिथे जी लय स्वच्छ जमते तीच मूळ धुनेला लावायची, मग ती 92 पेक्षा थोडी कमी असली तरी चालेल. आजकाल बहुतेक ऑर्केस्ट्रा तसेच वाजवतात. सराव करताना मेट्रोनोम चालू ठेवून तिन्ही तुकडे मध्ये दोन रिकामे बार सोडून लागोपाठ वाजवावेत.

दुसरी फसगत टिंबाची. टिंबाची नोट आणि तिच्यामागची छोटी नोट यांचं प्रमाण तीनास एक आहे. थकलेल्या किंवा घाबरलेल्या हातात ते दोनास एक होतं, म्हणजे ट्रिप्लेट (तीन सारख्या भागांची लय) होतो, आणि धुनेचा कणाच मोडतो. आधी नुसत्या एका सुरावर, मेट्रोनोमला चार भागांत लावून ही लय वाजवायची. छोटी नोट मागच्या मोठ्या नोटेला चिकटली की ढिली पडते, पुढच्या नोटेकडे झुकवली की आपोआप उशिरा आणि नेमकी येते.

तिसरी गोष्ट सुराची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चेलोच्या उघड्या तारा सी, जी, डी, ए. ए फ्लॅट मेजरमध्ये त्यातल्या डी आणि ए बसतच नाहीत. म्हणजे वरच्या दोन उघड्या तारा गुंजून साथ देत नाहीत, आणि सूर किंचित हलला तरी चेलो आतून काही सांगत नाही. म्हणून या उताऱ्यात सी आणि जी हे दोन आधाराचे सूर पक्के करायचे, ते उघड्या तारांशी जुळवायचे आणि बाकीचे सूर त्यांच्यावरून बांधायचे. ई फ्लॅट आणि ए फ्लॅट ही जोडी एकत्र वाजवून शुद्ध आहे का ते रोज पाहायचं. बोटं ठरवताना माझा कल धून शक्य तितकी डी तारेवर ठेवण्याकडे आहे. ए तार उजळ बोलते आणि मधेच तिच्यावर उडी मारली की एका वाक्यात दोन माणसं बोलल्यासारखं होतं. डी तारेवर राहण्यात हात वर न्यावा लागतो आणि जागा बदलताना सरकण्याचा आवाज येतो. तो घालवायला सरकण्याच्या क्षणी गजाचा दाब कमी करायचा, वेग तसाच ठेवायचा.

ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीचा संथ भाग याहून अवघड, कारण तिथे बी मेजरमध्ये एकही उघडी तार बसत नाही. एक ई सूर तेवढा ए आणि सी तारांना थोडा जागवतो, बाकी सगळं आपल्या कानावर. चेलोंची धून खाली उतरत येते आणि बासून त्याच वेळी वर चढत असतात. ते बासून कानात नसतील तर लांब नोटा कुठे संपवायच्या हेच कळत नाही. धून बारच्या शेवटच्या मात्रेवर सुरू होते आणि वजन बाररेषेच्या पलीकडे सरकत राहतं. ऐकणाऱ्याला सम सापडू नये अशीच ती रचना आहे, पण वाजवणाऱ्याला ती क्षणभरही सुटता कामा नये. मनात अष्टमांश नोटा मोजत राहणं एवढाच मार्ग. जोर ‘पोको एफ एस्प्रेसिव्हो’ (थोडा जोर, भावपूर्ण) लिहिलेला आहे. बरेच जण तो भरगच्च फोर्ते (पूर्ण जोर) करून वाजवतात, मग चार बारांत गज संपतो आणि वाक्य तुटतं.

मेंडेल्सोनच्या स्केर्त्झोत कसोटी लागते ती उजव्या हाताची. तीन-अष्टमांशच्या एका बारला 84 ची लय धरली तर सलग सिक्स्टीन्थच्या जागी सेकंदाला आठाहून जास्त नोटा येतात, आणि त्याही हळुवार, उडत्या गजाने. गजाची उडी जमायची जागा प्रत्येक गजाची वेगळी असते, बहुतेकांची मध्याच्या जरा खाली. ती शोधून गजाच्या दांडीवर पेन्सिलचा बारीक ठिपका ठेवला तरी हरकत नाही. आवाज मोठा होऊ लागला की उडी उंच होतेय असं समजावं. केस तारेपासून जेमतेम सुटले पाहिजेत. तार बदलताना कोपर आधी पोहोचला पाहिजे. मनगटाने तार बदलायला गेलं की लय अडखळते.

‘ला मेर’च्या पहिल्या भागात देब्युसीने चेलो चार ओळींत वाटले आहेत आणि त्यासाठी सोळा चेलो अपेक्षित धरले आहेत. ऑडिशनमध्ये बहुधा वरची ओळ वाजवावी लागते. लाट उसळते तसे जोराचे चढउतार बारीक लिहिलेले आहेत आणि समिती ते अक्षरशः तपासते. ‘डॉन ह्वान’ला अर्ध्या नोटेला 84 ची लय आहे, आणि तिथे सगळे पहिल्या बारात सगळी ताकद लावतात. खरं तर तिथे डाव्या हाताची बोटं तारेच्या जवळ आणि गज छोटा ठेवला तरच नोटा स्पष्ट येतात. सोळा पहिली व्हायोलिनं शेजारी नसताना एकट्या चेलोने तेवढा आवाज काढायचा नसतो.

हायडनच्या डी मेजर कॉन्चेर्टोबद्दल एवढंच, की तिच्यात अंगठा फिंगरबोर्डवर टाकून वरच्या सप्तकात जाण्याच्या जागा, थर्डच्या (तिसऱ्या सुराच्या) आणि सप्तकाच्या जोडसुरांच्या जागा भरपूर आहेत, आणि समिती त्यांच्याइतकंच लक्ष पहिल्या चार साध्या बारांवर देते. व्हिब्रातो (बोटाने सुराला दिलेला कंप) थोडा आणि गज हलका. द्वोर्झाकच्या कॉन्चेर्टोसाठी तयार केलेला आवाज इथे जड पडतो.

पियानोची साथ असेल तर सुराचा हिशेब आणखी एका पायरीने वाढतो. चेलोच्या तारा शुद्ध पंचमात लावल्या तर ए पासून सी पर्यंत येईतो सी तार पियानोच्या सी पेक्षा सुमारे 6 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेली असते. पियानोसोबत वाजवताना ती किंचित चढवावी लागते, म्हणजे प्रत्येक पंचम जरासा आखूड करावा लागतो. दुसरा प्रश्न मूळ सुराचा. अमेरिकेत ए साधारण 440 ते 441 हर्ट्झ, युरोपात 442 ते 443. 440 आणि 443 मध्ये सुमारे 12 सेंटचा फरक आहे. ऐनवेळी तार चढवून भागतं, पण कान जुन्याच सुरावर बसलेला असतो आणि सगळं कणसूर वाटत राहतं. बोलावणं आल्याच्या दिवसापासून ट्यूनर त्या ऑर्केस्ट्राच्या सुरावरच ठेवावा.

ट्यूनरचा उपयोग तिथेच संपवावा, असंही मला वाटतं. डी तारेवर पहिल्या बोटाने ई वाजवा. उघड्या ए तारेशी शुद्ध जुळवलात तर तोच ई उघड्या जी तारेशी चढलेला लागतो, आणि जी शी जुळवलात तर ए शी उतरलेला. दोन्हींत सुमारे 22 सेंटचं अंतर आहे. बोट कुठे ठेवायचं हे त्या क्षणी खाली कोणता सूर चालू आहे त्यावर ठरतं. ऑर्केस्ट्रा कानात असावा म्हणतो ते यासाठीही.

वाद्याची कामं ऑडिशनच्या सहा आठवडे आधी हातात घ्यावीत. कारागिराकडे नेऊन साउंडपोस्ट (पेटीच्या आतला लाकडी खांब) सरळ आहे का, काठाची जोड कुठे सुटली आहे का, घोडी (तारांखालचा लाकडी टेकू) पुढे झुकली आहे का हे पाहून घ्यायचं. जोड सुटली असेल तर ठरावीक सुरावर झणझण येते. पुष्कळदा ती तारेची समजून नवी तार घातली जाते आणि झणझण तशीच राहते. काठावर बोटाच्या पेराने टिचकी मारत गेलं की सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. तारांची उंची फिंगरबोर्डच्या टोकाशी ए ला सुमारे 5 आणि सी ला सुमारे 8 मिलिमीटर असली की बहुतेक हातांना सोयीची पडते. पावसाळी दमट हवेत लाकूड फुगून उंची वाढते, कोरड्या थंडीत घटते. म्हणून अनेक जण उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी दोन घोड्या ठेवतात. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली तर तडे जाण्याची भीती राहत नाही आणि खुंट्याही घसरत नाहीत.

गजाला नवे केस तीन-चार आठवडे आधी लावावेत. नव्या केसांना राळ धरायला आणि ताण बसायला दिवस लागतात. दमट हवेत केस लांबतात आणि गज पुरेसा ताणला जात नाही. कोरड्या हवेत आखडतात आणि सैल न करता ठेवलेल्या गजाचं टोक मोडू शकतं. तारा दोन आठवडे आधी बदलाव्यात, पण चारही एकाच दिवशी नको, कारण घोडीवरचा दाब अचानक बदलतो. वरच्या दोन लार्सन आणि खालच्या दोन टंगस्टनच्या स्पिरोकोर, ही जोडी बऱ्याच चेलोंवर दिसते. मात्र तुमच्या चेलोला रुचलेली जोडी ऑडिशनच्या तोंडावर बदलू नका.

वुल्फचं दुखणं जवळजवळ प्रत्येक चांगल्या चेलोला असतं. जी तारेवर वर गेलं की ई आणि एफ शार्पच्या दरम्यान एखादा सूर गुरगुरतो, थरथरतो. तारेचं कंपन आणि चेलोच्या पेटीचं स्वतःचं कंपन एकाच जागी येऊन एकमेकांशी झगडत असतात, म्हणून ते होतं. घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) यांच्या मधल्या तारेवर रबर घातलेली छोटी पितळी नळी बसवतात आणि ती मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत गुरगुर दबेल ती जागा शोधतात. नळी जास्त घट्ट किंवा चुकीच्या जागी बसली तर वुल्फ जातो पण शेजारचे दोन सूरही मुके होतात. वाजवताना गुडघ्यांनी पेटी हलकेच दाबणं आणि त्या सुरावर गज जरा घोडीकडे नेणं, हे दोन तात्पुरते उपाय हाताशी असावेत.

शेवटच्या तीन आठवड्यांत सरावाची पद्धत बदलते. तोवर उतारे एकेक करून घोटलेले असतात, पण मंचावर ते तसे येत नाहीत. बेथोव्हेननंतर लगेच मेंडेल्सोन, त्यानंतर ब्राम्स. दर वेळी नवी लय, नवा गज, नवा भाव, आणि मध्ये मोजून दहा-पंधरा सेकंद. म्हणून चिठ्ठ्या करून त्या उचलाव्यात आणि जो निघेल तो पहिल्याच झटक्यात वाजवावा. मग तोच पुन्हा वाजवायचा नाही, कारण ऑडिशनमध्ये दुसरी संधी नसते. प्रत्येक उताऱ्यासाठी एक खुणेचा बार ठरवावा, जो मनात गायला की नेमकी लय सापडते. तो सुरुवातीचाच बार असेल असं नाही. बेथोव्हेनसाठी मी दुसऱ्या व्हेरिएशनचा एक बार मनात म्हणतो आणि मग मूळ धून सुरू करतो.

रोजच्या वादनाचं मुद्रण करून ऐकावं, पण त्याच दिवशी नव्हे. दुसऱ्या दिवशी ऐकलं की कान समितीसारखा परका होतो. मेट्रोनोम हळूहळू विरळ करत न्यायचा: आधी प्रत्येक मात्रेला, मग बारला एकदा, मग दोन बारांना एकदा. शेवटच्या टप्प्यावर लय पळाली की लगेच उघडी पडते. ओळखीच्या चार-पाच वादकांपुढे पूर्ण रंगीत तालीम करावी, तीही कोऱ्या बोटांनी, आधी तासभर गरम न होता. जिने चढून धापा टाकत असतानाच चेलो घेऊन ब्राम्स वाजवून बघणं हा सरावही खरोखर उपयोगी आहे. हृदय जोरात धडधडत असताना गज कसा थरथरतो आणि तो कसा सांभाळायचा हे आधीच कळतं. थरथर घालवायला मनगट घट्ट करू नये. खांद्यातून वजन सोडावं आणि गज तारेला पूर्ण चिकटू द्यावा. काही वादक डॉक्टरांच्या सल्ल्याने बीटा-ब्लॉकर (हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या) घेतात. दमा असणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी कधीच घेऊ नये.

हाताची काळजी वेगळी सांगायला हवी. पन्नास मिनिटं वाजवून दहा मिनिटं विश्रांती, आणि दिवसाचा कठीण सराव चार तासांत संपवणं, याहून जास्त ताणलं तर डाव्या अंगठ्याच्या बुडाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. दुखणं सुरू झाल्यावर सराव वाढवला की ते महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. शेवटच्या आठवड्यात वादन कमी आणि स्कोअर वाचत मनातल्या मनात वाजवणं जास्त, असं असावं.

प्रवास विमानाचा असेल तर चेलोसाठी वेगळी सीट घ्यावी लागते. हे आरक्षण शक्यतो फोनवरून करावं, कारण वेबसाइटवर घेतलेल्या दुसऱ्या तिकिटावर चेलो आहे हे विमानतळावर पटवून देताना वेळ जातो. चेलोला खिडकीची सीट मिळते, आपत्कालीन दाराच्या ओळीत कधीच नाही, आणि वाढीव पट्टा मागून पेटी बांधून घ्यावी लागते. तारा एखाद-दुसऱ्या सुराने उतरवाव्यात. पूर्ण ढिल्या केल्या तर साउंडपोस्ट पडू शकतो. गज पर्नाम्बुको लाकडाचा असेल, आणि जुन्या गजावर हस्तिदंत किंवा कासवाचं कवच असेल, तर सीमा ओलांडण्याआधी कागदपत्रं तपासा. हे लाकूड 2007 पासून साइटीस या (धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. हस्तिदंताच्या टोकाचा गज न नेलेलाच बरा.

ऑडिशनच्या जागी नंबर चिठ्ठीने ठरतो. सकाळी नऊलाही येऊ शकतो, दुपारी चारलाही. म्हणून खाणं, पाणी आणि उबदार हातमोजे सोबत ठेवावेत. थंड बोटांनी अंगठ्याच्या जागा सूरात लागत नाहीत. सोबत ए आणि डी च्या वाजवून बसलेल्या जादा तारा, राळ, पेन्सिल, एंडपिनसाठी (चेलोच्या बुडाच्या टोकदार दांडीसाठी) खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा, आणि मागे झुकणाऱ्या खुर्चीसाठी पाचरीच्या आकाराची उशी. खुर्ची हा क्षुल्लक वाटणारा पण फार छळणारा मुद्दा आहे. नितंब गुडघ्यांपेक्षा खाली गेले की चेलो मागे पडतो आणि गज फिंगरबोर्डकडे घसरतो. काही मंचांवर एंडपिनचं टोक लाकडात रुतवू देत नाहीत, म्हणून पट्टा हवाच.

गरम व्हायला एक खोली मिळते, आणि शेजारच्या खोलीतून तोच ‘डॉन ह्वान’ तुमच्यापेक्षा वेगात ऐकू येतो. तिथे लय बदलायची नाही. उतारे पूर्ण वाजवण्यापेक्षा संथ स्केल, लांब गज आणि प्रत्येक उताऱ्याचा फक्त पहिला बार वाजवून चेलो परत ठेवणं शहाणपणाचं. सूर लावून झाला की शेवटची पाच मिनिटं फक्त मनात लय गुणगुणायची.

पडदा असेल तर समिती दिसत नाही आणि तिला तुम्ही दिसत नाही. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने 1952 मध्ये पडद्यामागे ऑडिशन घेतली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत ही पद्धत रुळली. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी वाटेवर गालिचा अंथरतात. तिथे बोलायचं नसतं. काही विचारायचं असेल तर सोबत असलेल्या माणसाच्या कानात हळू सांगायचं, तो समितीला विचारतो. गालिचा आणि पडदा दोन्ही आवाज शोषतात, त्यामुळे मंचावर आपला चेलो आपल्याला कोरडा आणि छोटा ऐकू येतो. घाबरून गज दाबला की आवाज चिरका होतो, जरा दूर बसलेल्या समितीला तोच ऐकू जातो. दाब आहे तसा ठेवून गजाचा वेग किंचित वाढवावा. बसल्यावर खुर्ची, एंडपिन, स्टँड नीट लावण्यात घेतलेला अर्धा मिनिट कोणी मोजत नाही.

मधेच थांबवलं तर वाईट वाटून घेऊ नये, हवं ते ऐकून झालेलं असतं. उलट एखादा उतारा “पुन्हा, जरा संथ” किंवा “आणखी हळुवार” असं सांगून मागितला तर ती उत्तम खूण समजावी. सूचना ऐकून तुम्ही बदलू शकता का, हे त्यांना पाहायचं असतं. अशा वेळी बदल स्पष्ट ऐकू आला पाहिजे. थोडासा केलेला बदल पडद्यापलीकडे पोहोचत नाही.

पुढच्या फेऱ्यांत पडदा कधी असतो, कधी काढतात. रोमँटिक काळातली कॉन्चेर्टो, बहुधा द्वोर्झाक किंवा शूमान, तिथे येते. द्वोर्झाकच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्राची जवळपास साडेतीन मिनिटांची प्रस्तावना आहे, ऑडिशनमध्ये तिचे शेवटचे काही बार वाजतात आणि चेलोला थेट बार 87 मध्ये उडी घ्यावी लागते. ती उडी थंड हाताने घेण्याचा सराव वेगळा करावा. अंतिम फेरीत काही ठिकाणी सेक्शनमध्ये (ऑर्केस्ट्रातल्या चेलोवादकांच्या गटात) बसवून किंवा चौकडीत वाजवून घेतात, आणि तिथे डोळे नोटांवरून उचलून शेजाऱ्याच्या गजाकडे जातात का, हे सगळ्यांच्या लक्षात येतं.

निवड झाली तरी जागा लगेच कायम होत नाही. जर्मनीत साधारण वर्षभराचा परीक्षेचा काळ असतो आणि शेवटी ऑर्केस्ट्राचे सदस्य मतदान करतात. अमेरिकेतही कायम होण्याआधी काही काळ तपासणीत जातो. या काळात कोणी उतारे ऐकत नाही, वागणं पाहतात. पहिल्या तालमीला पार्ट घरून तयार करून यायचं. एका स्टँडवरच्या दोघांपैकी आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून दूरच्या, वादकाने पानं उलटायची आणि बाहेरच्याने वाजवत राहायचं. ओळ वाटून लिहिलेली असेल तर बाहेरच्याने वरची घ्यायची. गजाच्या खुणा पुढच्या स्टँडवरून मागे येतात, त्या लगेच पेन्सिलने उतरवायच्या, पटल्या नाहीत तरी. सेक्शनपेक्षा किंचित हळू आवाजात सुरुवात करायची आणि पुढच्या स्टँडच्या आधी कधीच आत यायचं नाही. मोठ्या हॉलमध्ये मागच्या स्टँडवरून बेस लवकर ऐकू येतात आणि व्हायोलिनं उशिरा, म्हणून तिथे कानापेक्षा पहिल्या चेलोच्या गजावर आणि कंडक्टरच्या हातावर नजर ठेवून वाजवावं लागतं.